राखेतून उठलेलं थिएटर

व्हेनिसमध्ये हरवायला फारशी अक्कल लागत नाही. हातात नकाशा असूनही मी दोनदा त्याच पुलावर येऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा वळले ती थेट एका छोट्याशा चौकात. समोर खांबांची, अगदी साधी दिसणारी पांढरी इमारत. हेच ते ऑपेरावाल्यांचं पंढरपूर, ‘ला फेनिचे’!

आत मात्र सोनंच सोनं. एकावर एक चढलेल्या बॉक्सच्या रांगा, आकाशी छत, मधोमध झुंबर. मी आ वासून बघत असताना ऑडिओ गाईड कानात पुटपुटला, हे सगळं २००३ मध्ये नव्याने बांधलंय. छे! म्हणजे एवढे युरो मोजून मी डुप्लिकेट बघतेय?

फेनिचे म्हणजे फिनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. आधीचं सान बेनेदेत्तो थिएटर आगीत गेलं, पुन्हा उभारल्यावर कोर्टकज्जात हातचं निसटलं. मग मंडळींनी १७९२ मध्ये हे नवं उघडलं. नाव अगदी शोभलं, कारण १८३६ मध्ये हेही जळलं आणि वर्षभरात पुन्हा उभं राहिलं!

व्हर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ १८५३ मध्ये पहिल्यांदा इथेच झाला आणि सपशेल आपटला. क्षयाने मरणारी नायिका चांगली धष्टपुष्ट, मग पब्लिक हसणारच! गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी तो गाजला, तोही सान बेनेदेत्तोमध्ये.

२९ जानेवारी १९९६ च्या रात्री मात्र घात झाला. दुरुस्तीचं काम रेंगाळलेलं, दंड चुकवायला दोन इलेक्ट्रिशियननी आग लावली. पाण्यावर तरंगणाऱ्या शहरात नेमका शेजारचा कालवा सफाईसाठी कोरडा! उरल्या त्या बाहेरच्या भिंती.

मग ठरलं, ‘होतं तसं, होतं तिथे.’ आल्दो रॉसीने आराखडा केला. काम पूर्ण झालेलं बघायला तो राहिला नाही, १९९७ मध्ये गेला. जुने फोटो धुंडाळले गेले. व्हिस्कोंतीच्या १९५४ च्या ‘सेन्सो’ सिनेमात हे थिएटर होतं, त्याच्या फ्रेम्सही कामी आल्या. कारागिरांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्यातून नक्षी पुन्हा घडवली, त्यावर सोन्याचा वर्ख चढवला. नोव्हेंबर २००४ मध्ये ऑपेरा परतला. कुठला? अर्थातच ‘ला त्राव्हियाता’!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंती जळतात हो, पण ती नक्षी घडवणारे हात शिल्लक होते म्हणून हे उभं राहिलं. ते हातच नसते तर? निघताना पुन्हा एकदा वर बघितलं. ‘डुप्लिकेट’ हा शब्द मी तिथेच सोडून आले.

जाल तर : वापोरेत्तोच्या १ नंबरच्या बोटीने ‘जिल्यो’ला उतरा, तिथून थोडंसंच चालायचंय. दिवसा ऑडिओ गाईड घेऊन बघता येतं, पण जमलं तर एक संध्याकाळ ऑपेरासाठी ठेवाच. आणि हो, रस्ता चुकलात तर घाबरू नका!