‘सब’ आणि ‘उप’

शब्दांच्या दरबारात उपसर्गाची गणना चाकरांत होते. धन्याच्या पुढे चालावे आणि त्याचा अर्थ फिरवावा, एवढेच त्याचे काम. परंतु चाकरांच्याही वंशावळी असतात. इंग्रजीबरोबर आपल्याकडे आलेल्या लॅटिन ‘सब’ची वंशावळ पाहू गेल्यास ती थेट संस्कृत ‘उप’पाशी येऊन भिडते, ग्रीकांचा ‘हिपो’ही त्यांचाच भाऊबंद, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कचेऱ्यांतून हिंडताना हे कुळ पदोपदी भेटते. महसुलाकडे नायब तहसीलदार, दस्तनोंदणीस दुय्यम निबंधक, त्यांखेरीज उपविभागीय अधिकारी. आणि पोलीस उपनिरीक्षकास तर लोक पीएसआयच म्हणतात, त्यातला ‘एस’ हा ‘सब’चा अवशेष होय. अरबी, फारसी, संस्कृत व लॅटिन अशा चार भाषा येथे एकाच गोष्टीसाठी राबतात: हा गृहस्थ दुसऱ्या कोणाच्या हाताखालचा आहे, हे सांगण्यासाठी! निजामाची राजवट १९४८ साली संपली. दुय्यमपणाच्या शब्दांची टंचाई मात्र या शहरास कधीच भासली नाही.

आमच्या मते ही ‘उप’ची अवनती आहे. त्याचा जुना अर्थ ‘जवळ’. उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणे, उपासना म्हणजे जवळ बसणे. उपवासातही मूळ कल्पना जवळ राहण्याची, साबुदाण्याची नव्हे. ‘सब’ प्रामुख्याने ‘खाली’ असा असला, तरी हा दुसरा अर्थ त्यासही ठाऊक होता. नगराच्या लगतच्या वस्तीस रोमन लोक ‘सबुर्बियम’ म्हणत. आपण उपनगर म्हणतो.

याहून चमत्कारिक जोडी उपनिषद व सबसिडी यांची. उपसर्ग एका कुळातला आणि धातूही एकच: ‘सद्’, म्हणजे बसणे, संस्कृताने मध्ये ‘नि’ घातला इतकेच. तिकडे शिष्य गुरूजवळ बसला. इकडे रोमन सैन्याची राखीव तुकडी आघाडीच्या मागे बसून राहिली, वेळ पडताच धावून जाण्यासाठी. त्यावरून ‘सबसिडी’स मदतीचा अर्थ आला. ठिबक सिंचनाच्या सबसिडीसाठी कचेरीबाहेर ताटकळत बसणारा आमचा शेतकरी मूळ धात्वर्थ अजून इमानाने पाळीत आहे.

पण याच शब्दाने मराठवाड्यास निराळाही अनुभव दिला. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. ‘तैनाती’ हे मराठी नाव. इंग्रजीत ती ‘सब्सिडियरी’ फौज, म्हणजे पुन्हा मदतीस बसलेलीच. खर्च निजामाचा. १८०० च्या तहात त्या खर्चापोटी त्यास मुलूख तोडून द्यावा लागला, आणि इतर दरबारांशी इंग्रजांना वगळून बोलणे करण्याचीही सोय राहिली नाही. जवळ बसावयास आलेला पाहुणा असा वर चढून बसला.

हा ‘वर’ही त्याच कुळातला. संस्कृत ‘उपरि’पासून तो निघाला, आणि लॅटिन ‘सुपर’ त्याचा आप्त. तो आता सुपर मार्केटच्या पाट्यांवर सुखाने नांदतो आहे.