विधीचा सारभूत प्रश्न

आमच्या वडिलांच्या लोखंडी पेटीत लाल फितीने बांधलेले एक दप्तर असे. गोंदिया जिल्ह्यातील आमच्या धानाच्या बांधीचा धुरा शेजाऱ्याने सरकवला की नाही, एवढाच त्याचा विषय. दावा हरला, पहिले अपीलही हरले. उरले होते ‘दुसरे अपील’. तीच हकीकत अधिक मोठ्या माणसापुढे पुन्हा सांगणे म्हणजे दुसरे अपील, असे आम्हांस तेव्हा वाटे. वस्तुतः ते तसे नसते.

‘अपील’ हा शब्द आमच्या भागात दोन लिंगांत नांदतो. मराठी पक्षकार अपील ‘करतो’ तेव्हा ते केले जाते. हिंदी बोलणाऱ्याची अपील मात्र केली जाते. १९५६ पर्यंत हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची ही खूण असावी. न्यायव्यवहारात या शब्दाला दोन भावंडे आहेत. पुनर्विलोकनात निर्णय देणारे न्यायालयच आपला निर्णय पुन्हा पाहते. पुनरीक्षणात उच्च न्यायालय मुख्यतः खालच्या न्यायालयाने अधिकारिता नीट वापरली का, हे तपासते. पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही नव्याने तोलता येतात. दुसऱ्या अपिलाचे दार मात्र अरुंद. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १०० नुसार, १९७६ च्या दुरुस्तीपासून, तेथे ‘विधीचा सारभूत प्रश्न’च असावा लागतो. धुरा कोठे होता, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तो सहसा पहिल्या अपिलातच संपतो.

भाषाही त्याच उंबरठ्यावर बदलते. जिल्ह्यातील न्यायालयांची भाषा मराठी; गोंदियाहून दुसरे अपील जाते त्या नागपूर खंडपीठाचे निकालपत्र इंग्रजीत. आमचे अपील दाखल होण्याच्या टप्प्यावरच फेटाळले गेले, तेव्हा ते दोन पानी निकालपत्र बाबांना समजावून सांगण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही साहित्याचे विद्यार्थी. सोपे करून सांगण्याची हौस दांडगी. आम्ही म्हणालो, “बाबा, यात महत्त्वाचा प्रश्न नाही, असं कोर्ट म्हणते.”

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग आपल्या धुऱ्याले काई किंमतच नाही?”

न्यायालय तसे म्हणालेच नव्हते. आमचे म्हणणे खरे की खोटे, किंवा धुरा मोठा की लहान, याविषयी त्या पानांत अवाक्षर नव्हते. कायद्याचा अर्थ लावण्याजोगा प्रश्न येथे उद्भवत नाही, इतकेच त्यात होते. ‘सारभूत’ला ‘महत्त्वाचा’ करण्यात आम्ही चुकलोच. पण मोठी चूक निराळी. ‘विधीचा’ हा शब्द आम्ही अनावश्यक म्हणून गाळला होता.

हे आमच्या ध्यानात आले ते पुष्कळ वर्षांनी, पारिभाषिक शब्द शिकवताना. तोवर बाबा गेले होते. खालच्या न्यायालयांत ते हरले, हे खरेच. पण वरच्या न्यायालयाने आपल्या धुऱ्याला क्षुल्लक ठरवले, हा समज त्यांना आमच्यामुळे मिळाला.

आता वर्गात एखादी संज्ञा उलगडताना आम्ही तिच्यातील षष्ठीचे पद आधी फळ्यावर लिहितो. प्रश्न कशाचा, हे कळल्यावाचून पुढच्या विशेषणाकडे जात नाही.