छप्पर उडवतं कोण?

वाऱ्याने पत्रे उडाले, असं आपण सहज म्हणतो. पण आडवा धावणारा वारा पत्रा वर कसा उचलेल? उत्तर कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगतो आहे: पत्रा वर लोटते ती घरातली हवा!

आधी हे करून बघा. वहीचे दोन कागद तोंडासमोर, मध्ये दोन बोटांची फट ठेवून लोंबते धरा आणि फटीत जोरात फुंका. कागद फाकायला हवेत ना? ते जवळ येतात! फटीतून हवा सुसाट निघाली की तिचा दाब उतरतो आणि बाहेरची सुस्त हवा कागदांना आत लोटते. वेग आणि दाबाचं हे नातं डॅनियल बर्नुलीने पाण्याच्या प्रवाहासाठी १७३८ सालीच ‘हायड्रोडायनामिका’ या ग्रंथात मांडलं होतं. पावणेतीनशे वर्षांहून जुनी गोष्ट, आणि मला आत्ता कळतेय!

अर्थात धावती हवा म्हणजे कमी दाब, असं सरसकट नाही. टेबल फॅनच्या झोताचा दाब खोलीतल्या हवेइतकाच असतो. त्याच प्रवाहाला वाटेतल्या अडथळ्यापायी वळून वेग वाढवावा लागला, तर तिथे दाब पडतो. घर म्हणजे असाच अडथळा. वारा भिंतीवर आदळतो, वर चढतो, कडेवरून भन्नाट सुटतो, पत्र्यावरचा दाब घसरतो. आतली हवा मात्र जागची हलत नाही. त्यात वाऱ्याच्या तोंडची खिडकी फुटली, तर आतला दाब आणखी वाढतो.

मग मी आकडे मांडले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२०च्या वाऱ्यात पत्र्याच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक दर चौरस मीटरला ढोबळमानाने ६५-७० किलो वजनाइतका! दहा चौरस मीटर छपराला जवळजवळ सातशे किलोंची उचल! आणि गंमत बघा, एरवी वातावरण त्याच चौरस मीटरवर वरून दहा टन आणि खालूनही दहा टन दाबून असतं. त्यात एक टक्क्याचाही फरक पडलेला नाही, तरी पत्रा गेला! वेग निम्मा असता तर जोर चौथाईच.

हा जोर कडांना आणि कोपऱ्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणून हल्ली मी रस्त्याने जाताना लोकांच्या पत्र्यांचे कोपरे न्याहाळतो. मध्ये हूकच हूक आणि कोपऱ्यात एखादाच दिसला, की घरमालकाचं दार वाजवावंसं वाटतं.