पसंतीक्रम एक

अकरावीच्या ऑनलाइन अर्जाच्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरता येतात. 2025च्या प्रवेशावेळी माझ्या लेकीनं ही यादी स्वतः लावली होती. पुढच्या वर्गातल्या मुलींशी बोलून, बसचे मार्ग बघून. अर्ज लॉक करायच्या आदल्या रात्री ती झोपल्यावर मी तिचं लॉगिन उघडलं आणि पहिल्या व तिसऱ्या नावाची अदलाबदल केली. सकाळी तिला म्हणाले, "लॉक करून टाकलाय गं, शेवटच्या दिवसाची गर्दी नको."

तिला मानसशास्त्र शिकायचं होतं आणि त्यासाठी नदीपलीकडच्या एका कॉलेजची कला शाखा तिच्या मनात होती. आधीच्या वर्षी तिथली कटऑफ तिच्या बेस्ट ऑफ फाइव्हच्या गुणांपेक्षा किंचित वर थांबली होती. मी तेवढ्यानं घाबरले. मी वर टाकलेलं कॉलेज घराजवळचं होतं, तिच्या गुणांत नक्की मिळणारं. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. इथं 1916 सालापासूनचं एस. पी. कॉलेज टिळक रस्त्यावर आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. शिक्षण म्हणजे पायी जाऊन घ्यायची गोष्ट, असंच आम्ही धरून चालतो. पण माझ्या भीतीचं खरं कारण अंतर नव्हतं. आमच्या गल्लीत अभ्यासिका आहेत. लातूर, बीड, सोलापूरकडून आलेली मुलं तिथं स्पर्धा परीक्षांच्या याद्यांची वाट बघत राहतात. रात्री अकराला चहाच्या टपरीवर त्यांचे चेहरे दिसतात. "यादीत नाव नाही" हे शब्द मी खिडकीतून इतक्यांदा ऐकले होते, की माझ्या मुलीचं नाव पहिल्याच यादीत लागावं याखेरीज मला काही सुचत नव्हतं.

त्यात न्यू जर्सीच्या दिरांचं बोलणं डोक्यात बसलेलं. त्यांच्या मुलानं 'अर्ली डिसिजन'नं अर्ज केला होता. तिकडे बऱ्याच कॉलेजांना असा अर्ज 1 नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो, निर्णय डिसेंबरच्या मध्यापर्यंत कळतो. असा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो, आणि 'हो' आलं की पैशांची खरी अडचण सोडल्यास तिथंच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. त्यामुळे तिथली कुटुंबं तो एक अर्ज कुठं खर्चायचा याचा महिनोन् महिने हिशेब करतात. भावजी म्हणाले होते, "वहिनी, उगाच उंच उडी मारून संधी वाया घालवायची नाही." मी ते जसंच्या तसं इथं लावलं.

आपल्याकडची पद्धत तशी नाही, आणि हे समजून घ्यायचे कष्ट मी घेतले नाहीत. नियमित फेरीत संगणक गुणवत्तेनुसार एकेका विद्यार्थ्याकडे येतो. त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथं पहिल्यांदा जागा शिल्लक सापडेल ते कॉलेज देतो. पहिलं नाव अवघड घातलं आणि तिथं जागा नसली, तर तो दुसऱ्या नावावर जातो. दुसऱ्या नावावरचा हक्क त्यामुळे तसूभर कमी होत नाही. म्हणजे मनातलं कॉलेज वर ठेवण्यात तोटा काहीच नव्हता. तोटा होता तो नको असलेलं कॉलेज वर ठेवण्यात, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं आणि थेट सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट बघावी लागते. हा नियम सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेला होता. मी त्या सूचना फोनवर भराभर वर सरकवल्या होत्या.

ती प्रक्रिया पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रासाठी एकत्र होती. आधी ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या महानगरांपुरती होती. वेळापत्रक पुढे सरकत गेलं. जूनच्या मध्याला कोट्यातले प्रवेश सुरू झाले आणि लेकीच्या दोन मैत्रिणींचं इनहाउस कोट्यातून नक्की झालं. ती मात्र रोज म्हणायची, "माझं पहिलं नाही लागलं तरी दुसरं लागेल, आई." तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. अर्ज लॉक होता, सांगून बदललं काहीच नसतं; पण तिला कळलं असतं आपण कशाची वाट बघतोय.

28 जूनला पहिली यादी लागली. तीही मी आधी उघडली. पसंतीक्रम एक, घराजवळचं कॉलेज. मी तिला हाक मारायच्या आधी आईला फोन केला, न्यू जर्सीला मेसेज टाकला, "पहिल्या पसंतीचं मिळालं!" ती आली, स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माझं एक नंबरचं हे नव्हतं."

नदीपलीकडच्या त्या कॉलेजची कटऑफ या वेळी खाली आली होती. तिच्या गुणांपेक्षाही खाली.

30 जून ते 7 जुलै ही प्रवेशाची मुदत होती. त्या दिवसांत मी मदत केंद्रावर गेले, ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं, काही पळवाट आहे का म्हणून. सगळ्यांनी तोच नियम सांगितला. खुल्या फेरीपर्यंत थांबलं असतं, तर त्या कॉलेजात जागा उरण्याची खात्री कुणी देईना. मी तिला म्हणाले, आता तू सांगशील ते करू. तिनं आहे तिथं प्रवेश घेतला. तिथं मानसशास्त्र शिकवतात, शिक्षिका चांगल्या आहेत, हे मी मुद्दाम सांगते; त्या कॉलेजचा यात काहीही दोष नाही. पण तिनं निवडलेलं ते नव्हतं, आणि पुढे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

यंदा वरच्या मजल्यावरच्या मुलाचा अभियांत्रिकीचा अर्ज आहे. त्याची आई माझ्याकडे विचारायला आली, तेव्हा गेल्या वर्षीचा नियम आम्ही दोघींनी एकत्र वाचला: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की प्रवेश आपोआप पक्का, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिघांपैकी काहीही मिळालं तरी तेच. तिला म्हटलं, यंदाची पुस्तिका आली की हे कलम आधी बघा, आणि क्रम त्यालाच लावू द्या, शेवटचं बटणही त्यालाच दाबू द्या. तिनं विचारलं, "तुमच्या लेकीला तर पहिलंच मिळालं होतं ना?"

लेक शेजारीच बसली होती. मग मी पहिल्यांदा तिच्यासमोर सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी न्यू जर्सीलाही फोन लावला.