अर्ध्या तासाचा फरक

पर्लचं मॉड्यूल इन्स्टॉल करायचे चार टप्पे नव्या मुलांना शिकवताना मी तिसऱ्यापाशी मुद्दाम रेंगाळतो. पहिल्यात मेकफाइल तयार होते: मशीनवर पर्लची आवृत्ती कोणती, लागणारी बाकीची मॉड्यूल्स आहेत का, फायली कुठे जाणार, हे तिथे ठरतं. दुसरा 'मेक'. सी भाषेतला भाग असेल तर तो कंपाइल होतो आणि सगळा ऐवज 'ब्लिब' नावाच्या फोल्डरात गोळा होतो. चौथा, 'मेक इन्स्टॉल', फायली उचलून पर्ल जिथे शोधतं तिथे ठेवतो. तिसरा 'मेक टेस्ट'.

लेखकाने लिहिलेल्या टेस्ट इथे तुमच्या मशीनवर, तुमच्या पर्लवर चालतात. एक जरी 'नॉट ओके' आली, तरी हे टप्पे आपोआप चालवणारा सीपॅनचा क्लायंट इन्स्टॉल करायला नकार देतो. लॅरी वॉल यांनी 1987 मध्ये पर्ल प्रसिद्ध केलं, तेव्हापासून टेस्ट सोबत देण्याची ही रीत आहे. 1995 मध्ये सीपॅन हे मॉड्यूल्सचं सामाईक भांडार सुरू झालं आणि ती रीत हजारो लेखकांपर्यंत पोचली. पुढे सीपॅन टेस्टर्स आले. हे स्वयंसेवक नवं मॉड्यूल आलं की आपापल्या मशीनवर बांधून बघतात आणि निकाल कळवतात. लेखकाने कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या सिस्टिमवरचेसुद्धा.

या नकाराची किंमत मला एका सर्व्हरवर कळली. तारखांचं एक मॉड्यूल हवं होतं. टेस्ट अडकली. मी घाईत होतो; 'फोर्स' देऊन ते आत घातलं. काही दिवसांनी हिशेबात गफलत दिसू लागली: मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या नोंदी आदल्या दिवसात जात होत्या. मॉड्यूलने ग्रिनिचपासूनचं अंतर पूर्ण तासांत धरलं होतं. लेखकाच्या देशात ते बरोबरच होतं. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, त्यातला अर्धा तास गळून पडत होता. अडकलेली टेस्ट नेमकं तेच सांगत होती, आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं.

पायथॉनचं पिप किंवा नोडचं एनपीएम पॅकेज घालताना त्याच्या टेस्ट चालवत नाही. पिप बहुतेक वेळा आधीच बांधून ठेवलेलं व्हील उतरवून घेतं. काम काही सेकंदांत होतं. दिवसात शंभरदा सर्व्हर उभा करायचा तर हा वेग लागतोच, हे मला मान्य आहे. पण ज्या मशीनवर कोड चालायचा, त्या मशीनला आधी विचारायची पद्धत त्यात सुटली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तारखांच्या त्या मॉड्यूलसाठी मी दुरुस्ती आणि एक टेस्ट लिहून लेखकाला पाठवली. त्याने दोन्ही घेतल्या. आता ते मॉड्यूल कुठेही बांधायला घेतलं, की त्या मशीनवर क्षणभर कोलकात्याचं घड्याळ लागतं, आणि मगच फायली आत जातात.