बसवकल्याण ते सह्याद्री : जुन्या मित्रांची मोटारसायकलवारी

बसवकल्याण

प्रिय मित्रा,



बसवकल्याणहून मोटारसायकलवर सह्याद्री गाठायचा तर पहिले तीनशेएक किलोमीटर घाट असा लागतच नाही. बसवकल्याण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि सोलापूर साडेचारशेच्या. म्हणजे डोंगराकडे निघालेला रस्ता आधी खाली उतरतो, पण तो उतार इतका लांबवर पसरलेला आहे की गाडीलाही जाणवत नाही. सोलापूरपासून पठार हळूहळू पश्चिमेकडे चढत जाते आणि महाबळेश्वरापलीकडे एकदम तुटते. देशावरून येणाऱ्याच्या वाट्याला त्यामुळे चढ थोडा आणि उतार फार येतो. बहुतेक मित्रमंडळी निघण्यापूर्वी गाडी चढ घेईल की नाही एवढेच बघतात. खरी तयारी उताराची करायला हवी.

गावातून सस्तापूर बंगल्यावर आले की महामार्ग ६५ लागतो. टाकी तिथेच फुल करून घेण्याची सीमाभागाची रीत आहे, कारण कर्नाटकात पेट्रोल सहसा स्वस्त मिळते. पुढे उमरगा, मग नळदुर्ग. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे. आदिलशाहीतले हे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी इथे तासभर द्यावा. सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते. बसवकल्याणात एका वर्गात शिकलेली मुले आता कलबुर्गी, हैदराबाद, पुणे अशी पांगलेली असतात. त्या सगळ्यांना एकत्र यायला सोलापूर हीच सोयीची जागा.

मित्र जुने असले की गाड्याही वेगवेगळ्या काळातल्या निघतात. कोणाकडे शंभर सीसीची स्प्लेंडर, कोणाकडे बुलेट, कोणी वडिलांची येझदी जपून ठेवलेली. येझदी ही मूळची म्हैसूरची. १९६१ साली तिथे आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. गाड्यांमधला हा फरक नुसता हौसेचा नाही. जुनी येझदी टू-स्ट्रोक आहे. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला चांगले मागे धरून ठेवते, टू-स्ट्रोक फारसे धरत नाही. शिवाय अशा बऱ्याच जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. अ‍ॅक्सिलरेटर फार वेळ बंद राहिला तर पेट्रोल कमी जाते, त्याबरोबर ऑईलही कमी जाते आणि पिस्टन कोरडा पडू लागतो. म्हणून लांब उतारावर अशा गाडीला मधूनमधून थोडी रेस द्यावी लागते. जुन्या बुलेटची गोष्ट आणखी वेगळी : गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आपापल्या गाड्या अदलाबदल करून बघायचा मोह जुन्या दोस्तांना हमखास होतो. तो सपाटीवर भागवून घ्यावा. घाटात घाईच्या क्षणी पाय सवयीनेच पडतो आणि ब्रेकऐवजी गियर दाबला जातो.

सोलापूरहून पंढरपूर, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा साताऱ्याचा रस्ता. १६५९ मध्ये अफजलखान विजापूरहून निघून तुळजापूर, पंढरपूर करत वाईला आला, तोही याच मुलखातून. माण तालुक्याचा हा भाग पावसाच्या आडोशाला पडलेला आहे : उघडे माळ, बाभळी, मेंढरांचे कळप. वर्धनगडापाशी पहिला छोटा घाट येतो. गाडीची चेन, क्लच आणि ब्रेक यांची परीक्षा तिथेच करून घ्यावी, कारण साताऱ्यात मेकॅनिक आणि सामान दोन्ही मिळते, पुढे मिळेलच असे नाही.

वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी आणि मग महाबळेश्वर, उंची सुमारे १,३७० मीटर. इथे वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये एकाच दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. सोलापूर जिल्ह्याला अख्ख्या वर्षात साधारण तेवढाच मिळतो. त्या पावसात महाबळेश्वरहून खाली उतरणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता वाहून गेला. भर पावसाळ्यात ही सहल काढू नये, असे स्पष्टच सांगायला हवे. दसरा-दिवाळीनंतरचे दिवस चांगले : रान अजून हिरवे असते आणि रस्ता कोरडा.

आंबेनळी घाट हा या सगळ्या वाटेचा गाभा. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसएक किलोमीटरच्या आत गाडी हजार मीटरहून जास्त खाली उतरते. प्रतापगडाचा फाटा वाटेतच आहे. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले. त्यामुळे इथला प्रत्येक नियम जिवाशी गाठ असलेला आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडण्याची खोड आपल्याकडे फार आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेकचे लायनर सतत घासून तापले की आधी करपल्याचा वास येतो, मग पेडल नेहमीइतके दाबूनही गाडी तेवढी थांबत नाही. वास आल्याबरोबर सुरक्षित जागी थांबावे आणि ड्रम आपोआप गार होऊ द्यावा, पाणी ओतू नये. ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरावे, वळणाच्या आधीच वेग कमी करावा आणि ब्रेक दाबून धरण्याऐवजी दाबून सोडावा. अरुंद जागी वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा तर कायद्यानेच घातलेला नियम. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते.

मित्रांनी ओळीने कसे चालावे यावर वाद होतात. सर्वांत हळू चालवणारा पुढून दुसरा आणि पाना, जादा ट्यूब, क्लचची वायर बाळगणारा सगळ्यांत मागे, ही मांडणी उत्तम. पुढचा माणूस त्यामुळे आपोआप वेग आवरून राहतो आणि मागे पडलेल्याला कोणी तरी असतेच. पन्नाशीच्या घरातल्या मंडळींनी तास-सव्वा तासाने उतरावेच. पाठ मोकळी होते आणि गप्पाही तिथेच होतात, चालत्या गाडीवर नाही. दशम्या आणि शेंगाची चटणी तेव्हाच सुटते.

पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडून चिपळूण आणि तिथून कुंभार्ली घाटाने पुन्हा वर. ही दाभोळच्या बंदराला कऱ्हाडशी जोडणारी जुनी व्यापारी वाट. उताराने ब्रेक तपासले, हा चढ इंजिन आणि क्लच तपासतो. डबलसीट शंभर सीसी गाडी खालच्या गियरला बराच वेळ तापत राहते. तिला मध्ये एकदा विसावा द्यावा आणि हाफ क्लचवर ओढत नेऊ नये. वर कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीने हजारो माणसे गमावली, ते किल्लारी उमरग्यापासून फार दूर नाही. एकाच काळ्या कातळावरची ही दोन गावे. किल्लारीच्या त्या पहाटेची आठवण बसवकल्याणच्या पन्नाशीतल्या प्रत्येकाकडे आहे, म्हणून कोयनानगरला थांबल्यावर ही मंडळी बराच वेळ त्याच विषयावर बोलतात.

पुढे पाटण, कऱ्हाड आणि देशावरचा परतीचा रस्ता. सगळ्याला पाच दिवस धरावेत. चार दिवसांत बसवण्याच्या नादात आंबेनळी संध्याकाळी उतरावा लागतो. घरी पोचल्यावर चेन धुऊन ऑईल घालावे आणि मागचा ड्रम उघडून लायनर बघावेत. जुनी गाडी असेल तर ते बदलायलाच झालेले निघतील.

तुझा जुना मित्र