संकल्प कुणाच्या जिवावर?

झिरकपुरात २६ डिसेंबरची सकाळ धुक्यातच उजाडते. पटियाला रस्त्यावरचे दिवे नऊ वाजून गेले तरी चालूच असतात आणि त्या पिवळट उजेडात जागोजाग लंगरचे मंडप दिसू लागतात. कुठे चहा, कुठे ब्रेड-पकोडे, कुठे मोठ्या कढईत उकळणारं दूध. फतेहगढसाहिबला शहीदी सभेसाठी निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या थांबवून सेवेकरी लोकांच्या हातात गरम पेले देतात. गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, सरहिंदच्या सुभेदारानं याच पोह महिन्यात भिंतीत चिणून मारलं. त्यांची आजी माता गुजरी त्यांच्याबरोबर थंड्या बुरुजात कैदेत होती. मोतीराम मेहरा नावाच्या माणसानं जीव धोक्यात घालून त्या तिघांना दूध पोचवलं, असं इथली परंपरा सांगते. रस्त्यावरच्या कढईतलं दूध हे त्या दुधाचं स्मरण आहे.

त्याच सकाळी आमच्या स्वयंपाकघरात नाताळचा फराळ निम्म्यावर आलेला असतो. तळाशी करंज्यांचा चुरा, चकल्यांचे तुकडे, आणि इथल्या लाल गाजरांचा हलवा पातेलंभर. शेजारच्या शीख कुटुंबात या आठवड्यात सगळे जमिनीवर अंथरूण घालून झोपतात, गोडधोड करत नाहीत. म्हणून आमच्याकडे पंचवीसच्या संध्याकाळनंतर गाण्यांचा स्पीकर बंद होतो आणि फराळाची ताटं शेजारी जात नाहीत, ती लोहडीपर्यंत थांबतात. खिडकीतली कागदी चांदणी तेवढी आम्ही उतरवत नाही. पहिल्या वर्षी उतरवायला निघालो तेव्हा शेजारच्या आजींनीच ती राहू द्या म्हणून सांगितलं होतं. मुलं मारली गेली त्याचं दुःख करतोय आम्ही, मूल जन्मल्याचा दिवा कशाला विझवता, असं त्या म्हणाल्या. मला आजवर ऐकलेल्या कितीतरी प्रवचनांपेक्षा ते वाक्य मोठं वाटतं.

आम्ही इथे आलो ते सासऱ्यांच्या नोकरीमुळे. ते लष्करात होते, शेवटची बदली चंडीमंदिरला झाली. सासूबाई मिरजेला शिकलेल्या परिचारिका, त्यांनाही चंदीगडला काम मिळालं. निवृत्तीनंतर नगरला परतायचं असं ठरलेलं असतानाच झिरकपुरातल्या बलटाण्यात जागा घेतली गेली, आणि एकेक करून सगळेच इथे स्थिरावले. आज घरात बारा माणसं आहेत: सासूबाई, थोरले भाऊजी आणि जाऊबाई, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी आणि त्यांची बायको, नणंदबाई आणि चार मुलं. नाताळात नगरहून आणखी कुणी ना कुणी झेलम एक्स्प्रेसनं येतं. पुण्याहून जम्मूकडे जाणारी ही गाडी नगरच्या माणसाला थेट अंबाल्याला आणून सोडते. धुक्यामुळे ती किती तास उशिरा येईल हे मात्र कुणी सांगू शकत नाही. तेव्हा अंबाला छावणीच्या फलाटावर थर्मास घेऊन बसायचं कामही कुणाला तरी करावंच लागतं.

बारा माणसांच्या घरातलं हिवाळ्याचं काम बाहेरच्याला दिसत नाही. तळमजल्यावर एकच गिझर आहे. पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्यांची अंघोळ, मग ऑफिसला जाणाऱ्यांची, मग म्हाताऱ्या माणसाची, आणि घरात राहणाऱ्या बायकांची सगळ्यात शेवटी, पाणी कोमट झाल्यावर. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. रजया उन्हात टाकायच्या तर ऊन कधी पडेल याची वाट पाहायची. दुपारी बाराच्या सुमाराला धुकं फाटलं की सगळं घर गच्चीवर चढतं. तिथे मटार सोलले जातात, साग निवडला जातो, मुलांचे केस विंचरले जातात, किन्नूच्या साली एका कोपऱ्यात साठतात. गच्चीवरचे ते दोन तास मला वर्षातले सगळ्यात श्रीमंत तास वाटतात. हात कामात असतात, पण कामाचं ओझं कुणा एकीवर नसतं. घरातली महत्त्वाची बोलणी तिथेच होतात. संकल्पांविषयीचं बोलणंही तिथेच सुरू झालं.

आमच्यात वर्षाखेरीला रात्रीची उपासना असते. एकतीस तारखेला सगळे चंदीगडच्या सेक्टर अठरामधल्या चर्चमध्ये जातो. तिथली भाषा हिंदी, पंजाबी, इंग्रजी. घरी आल्यावर मात्र ‘उपासना संगीत’ उघडून आम्ही मराठी पदं म्हणतो. त्यातली कितीतरी पदं नारायण वामन टिळकांची आहेत. बारा वाजून गेले की ज्यानं-त्यानं मनातल्या मनात नव्या वर्षाचा संकल्प करायचा आणि प्रार्थनेत तो ठेवायचा, अशी सासऱ्यांच्या काळापासूनची रीत होती. रीत सुंदर होती. पण त्या मनातल्या मनात केलेल्या संकल्पांचं पुढे काय होई, हे मी बरीच वर्षं पाहत होते.

थोरल्या भाऊजींनी एका वर्षी पहाटे साडेपाचला फिरायला जायचं ठरवलं. मधुमेहाचं निदान झालं होतं, ठरवलं ते योग्यच होतं. पण साडेपाचला फिरायला जाणाऱ्या माणसाला पाचला चहा लागतो, आणि पारा पाच-सहा अंशांवर असताना पाचला गॅसपाशी जाऊबाई उभ्या असत. नणंदबाईंनी तेल-तूप सोडलं, तेव्हा बारा माणसांच्या भाजीतून त्यांची वाटीभर भाजी आधी वेगळी काढणं आलं. पुतण्यानं रात्री उशिरापर्यंत अभ्यास करायचं मनावर घेतलं, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंची झोप दिव्याच्या उजेडात गेली. माझ्या नवऱ्यानं रविवारी मोबाइल बंद ठेवायचा नेम केला. तो त्यानं मनापासून पाळला. पण रविवारी येणारे त्याचे सगळे फोन माझ्या मोबाइलवर येऊ लागले. यातला एकही संकल्प वाईट नव्हता. फक्त प्रत्येक संकल्पाचे दोन मालक होते आणि दुसऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

एका माणसाच्या घरात संकल्प मोडला तर तो त्या माणसाचाच मोडतो. मोठ्या घरात तो बरेचदा मोडतच नाही, तो शांतपणे दुसऱ्या कुणाच्या अंगावर सरकतो. जानेवारीच्या शेवटी भाऊजी कौतुकानं सांगत की महिनाभर एक दिवस चुकलो नाही. खरं होतं. जाऊबाईही एक दिवस चुकल्या नव्हत्या, आणि त्यांचा तर संकल्पही नव्हता.

हे मला टिळकांच्या घरानं शिकवलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. मराठी ख्रिस्ती घरात ती वडिलांनी मुलांना वाचून दाखवावी अशी पोथी झाली आहे. टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे, आणि क्षणात काहीही देऊन टाकणारे. घरात कायम विद्यार्थी, पाहुणे, अनाथ मुलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला मागे ठेवून, आणि त्यानंतरचे वियोगाचे दिवस लक्ष्मीबाईंनी काढले. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीनं ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारायचं ठरवलं, तेव्हा त्या त्यागातला चुलीचा वाटा कुणाचा होता? टिळकांवर माझं अतिशय प्रेम आहे, त्यांची पदं म्हणतच मी मोठी झाले. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पानापानावर जाणवतं की टिळक ठरवत होते आणि लक्ष्मीबाई ते निभावत होत्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं, १९१९ साली ते गेले, तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. उरलेलं काव्य लक्ष्मीबाईंनी लिहिलं, टिळकांनी लिहिलं त्याच्या कितीतरी पट. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिनं नवऱ्याचा संकल्प पुरा केला. या गोष्टीचं आपण कौतुक फार करतो. मला तिच्यात एक हक्काची मागणीही ऐकू येते: संकल्प निभावायला मी असेन, तर तो करताना मला बरोबर घ्या.

गच्चीवर मी हे बोलले तेव्हा जाऊबाईंनी मटारची परात बाजूला सारली. त्या हिंदू घरातून आलेल्या, सोलापूरकडच्या. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे पूजेच्या सुरुवातीला संकल्प सोडतात तेव्हा आधी गुरुजी स्थळ आणि काळ म्हणतात, मग कुळगोत्र आणि नाव, आणि यजमानानं पळीनं उदक सोडताना बायकोचा हात त्याच्या हाताला लागलेला असतो. ‘लहानपणी आईचा हात असा लागलेला पाहायचे. तो का लावतात ते आज कळलं,’ त्या म्हणाल्या. मग माझ्या लक्षात आलं की मनातल्या मनात संकल्प करण्याची आमची रीत बदलायला कुठला धर्म आड येत नव्हता.

आणि रीत आमच्या हाताशीच होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रार्थना सप्ताह असे. रोज संध्याकाळी वेगळ्या घरी जमायचं, कंदील घेऊन. लहानपणी मला वाटे हा आपल्याच गावाचा नेम आहे. पुढे कळलं की तो पंजाबातून निघाला. १८५८ साली लुधियान्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केलं की वर्षाच्या आरंभी एक आठवडा सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी, आणि जानेवारी १८६०मध्ये तो आठवडा पहिल्यांदा पाळला गेला. त्या आवाहनाच्या एक वर्षापूर्वीच इथे बंडाचं रक्त सांडलेलं होतं. लुधियाना आमच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. नगरच्या कंदिलांचा उगम इतक्या जवळ आहे हे कळल्यावर झिरकपूर मला पहिल्यांदा परकं वाटेनासं झालं. तेव्हापासून आम्ही तो आठवडा घरीच पाळतो. जेवणं झाली की खालच्या खोलीत हीटरभोवती सगळे बसतात, आधी एक स्तोत्र, मग त्या दिवशी ज्यांची पाळी असेल ते आपला संकल्प मोठ्यानं सांगतात.

सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा: यासाठी कुणाला काय करावं लागेल? हा प्रश्न सोपा वाटतो, पण पहिल्या संध्याकाळी थोरल्या भाऊजींना उत्तर द्यायला वेळ लागला. मग त्यांनी ठरवलं की पाचचा चहा स्वतः करायचा आणि जाऊबाई उठतील तेव्हा त्यांचाही कप तयार ठेवायचा. ते गॅसपाशी उभे राहिले, त्याला आता काही वर्षं झाली. नणंदबाई स्वतःची भाजी संध्याकाळीच करून ठेवतात आणि ती इतकी चांगली होते की मुलं तिच्यावर तुटून पडतात. नवऱ्यानं रविवारचा नेम बदलला नाही, पण फोन करणाऱ्यांना शनिवारीच कळवून ठेवतो. हे फार लहान बदल आहेत. पण घर अशाच गोष्टींनी हलकं होतं, आणि मोठ्या घरात हलकेपणा आपोआप येत नाही, तो वाटून घ्यावा लागतो.

सगळ्यात अवघड संकल्प पुतणीचा निघाला. ती अठरा वर्षांची, पहिल्या वर्षाला आहे. तिनं सांगितलं, मला रोज एक तास हवा आहे, ज्यात मला कुणी हाक मारणार नाही. कुणी काही बोललंच नाही. व्यायाम, अभ्यास, उपवास, यांना आपल्याकडे मान आहे. नुसतं एकटं बसण्याला नाही. बारा माणसांच्या घरात एकांत मागणं म्हणजे घराचंच काही उणं काढणं, असं काहींना वाटलं. मला तसं वाटत नाही. ज्या घरात दार लावून बसायला मनाई असते, तिथली मुलं संधी मिळताच कायमची निघून जातात, हे मी आमच्याच नातेवाइकांत पाहिलं आहे. गच्चीवरची बरसातीची खोली आम्ही रिकामी केली. जुन्या ट्रंका, सासऱ्यांचे लष्करी बूट, नाताळच्या चांदण्यांचं खोकं, सगळं जिन्याखाली आलं. संध्याकाळी सहा ते सात तिला कुणी बोलवायचं नाही. फोन आला तर निरोप घ्यायचा. कणीक मळायचं तिचं काम त्या वेळात धाकट्या भाऊजींनी घेतलं. त्यांची कणीक सैल होते, पण पोळ्या होतात.

यंदा सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळी सासूबाई बोलल्या. इतकी वर्षं त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, त्यांची पाळी आली की ‘माझं काय आता’ म्हणून त्या पुढच्याला सांगायच्या. या वेळी म्हणाल्या, मला महिनाभर मिरजेला राहायचं आहे. माझ्या बरोबरीच्या दोघी अजून आहेत, एकीला दिसत नाही, एकीला चालवत नाही. तिघींनी एकत्र जेवायचं आहे.

प्रश्न नेहमीचाच विचारला. औषधांची यादी करून डबीत घालायचं नणंदबाईंनी घेतलं. प्रवासात बरोबर मी जाणार, आणि महिनाभर माझा स्वयंपाकाचा वाटा माझा नवरा आणि पुतण्या मिळून उचलणार. पुतण्यानं त्यासाठी वरण-भात शिकायचं कबूल केलं आहे, रविवारी पहिला प्रयत्न झाला. एप्रिलमध्ये जायचं म्हणजे धुकं नाही, उन्हाळाही ऐन भरात नाही. झेलमनं पुण्यापर्यंत, तिथून पुढे मिरज. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तिकीट फेब्रुवारीत काढायचं आहे. खालच्या बर्थची दोन तिकिटं मिळतील का, ते तेव्हाच कळेल.